मुनीरचं पांढरं विमान

मुनीर बागवान गेल्याचं मला कळलं तेव्हा मी औषधाच्या दुकानात ग्लिसरीनची बाटली घेत होतो. ती त्यानेच आणायला सांगितली होती. हवेच्या पेनातून, म्हणजे एअरब्रशमधून, फवारताना रंग सुईच्या टोकाशीच वाळतो, त्यात थेंबभर ग्लिसरीन घातलं की जरा दम धरतो, हा त्याचा ताजा शोध होता. फोन झरीनाभाभींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. त्या म्हणाल्या, "सर, ते ग्लिसरीन आता राहू द्या. पहाटे गेले हे." मी बाटली परत करायला गेलो, तर दुकानदार माझ्या तोंडाकडे न बघताच म्हणाला, "विकलेला माल परत घेत नाही." तेव्हा खिशात ग्लिसरीन घेऊनच मी मुनीरच्या मय्यतीला गेलो. त्याला हे फार आवडलं असतं…

मुनीरचा मंडईत फळांचा गाळा होता आणि मी शाळेत चित्रकला शिकवायचो. आमची ओळख लक्ष्मी रस्त्यावरच्या एका खेळण्यांच्या दुकानात झाली, तीही भांडणातून. सुटे भाग जोडून बनवायच्या प्लॅस्टिकच्या विमानाचं एकच खोकं शिल्लक होतं. त्याचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं त्याच्या. दोघंही चाळिशीतले, टक्कल पडू लागलेले. शेवटी दुकानदार म्हणाला, "भांडण बाहेर करा. इथे लहान मुलं येतात." मग आम्ही ते खोकं भागीत घेतलं. जोडायचं त्याने आणि रंगवायचं मी, कारण मी चित्रकलेचा मास्तर. हा करार पहिल्या पंखापर्यंत टिकला. रंग बाटलीतून आला तसाच मी पेनात ओतला होता. त्यात पाणी घालणं म्हणजे मला भेसळ वाटायची. पंखावर सगळीकडे बारीक खड्डे उठले. मुनीरने पंख उजेडात धरला, फळ बघावं तसा अंगठ्याने दाबून बघितला आणि म्हणाला, "संत्र्याची साल. नागपुरी नाही हं, हलका माल आहे." त्यानंतर तीसेक वर्षं माझं प्रत्येक विमान त्याने याच तराजूत तोललं. एकदा "मोसंबी" म्हणाला, तेव्हा मला चांगलीच प्रगती झाल्यासारखं वाटलं.

रंग किती पातळ करायचा, तर दुधाइतका, असं खोक्यातल्या परदेशी कागदावर छापलेलं असायचं. जगभर लोक हे वाचून कामाला लागत असतील. मुनीरने वाचून विचारलं, "कुठल्या दुधाइतका?" गाईच्या का म्हशीच्या, पिशवीतल्या का गवळ्याच्या, तापवण्याआधीच्या का साय काढल्यानंतरच्या? त्याने रीतसर तपास सुरू केला. एका वाटीत दूध घ्यायचं, एकीत रंग, दोन्ही कलत्या करायच्या आणि कडेवरून ओघळ कसा उतरतो ते बघत बसायचं. एकदा त्याने गवळ्यासमोरच वाटी कलती केली. आपल्या दुधातलं पाणी तपासतायत असं समजून गवळी म्हणाला, "शेठ, तुमच्या आंब्याच्या पेटीतला खालचा थर आम्ही कधी बघितला का?" आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने त्यांच्याकडे दूध घालणं बंद केलं.

मग पिशवीचं दूध सुरू झालं आणि त्यातून तो चहाचा प्रसंग घडला. ओट्यावर दोन वाट्या शेजारी शेजारी होत्या. भाभींनी त्यांतली एक चहात ओतली. मी घोट घेतला… चहाला नव्या भिंतीचा वास येत होता आणि कपात पांढरे धागे तरंगत होते. भाभी घाबरून माझ्यासाठी लिंबूपाणी करायला धावल्या. मुनीरने माझा कप उचलून खिडकीशी नेला, बराच वेळ निरखला आणि म्हणाला, "सर, एवढ्या उष्णतेला फाटतो. म्हणजे उन्हाळ्यात दुपारी फवारायचं नाही." माझ्या पोटाची चौकशी त्याने दुसऱ्या दिवशी केली.

एवढ्या वर्षांत भाभींनी त्याच्या या उद्योगात कधी लक्ष घातलं नव्हतं. दोघं हजला जाऊन आले आणि त्यांनी पहिल्यांदा एक विमान मागितलं. आपण ज्यात बसून गेलो, ते. पांढरं, शेपटीवर हिरवा पट्टा. आता सगळ्या रंगांत पांढऱ्याइतका खट दुसरा नाही. दाट झाला तर साल उठते, पातळ झाला तर खालचं राखाडी प्लॅस्टिक डोकावतं आणि रंग कोळ्याच्या पायांसारखा चहूकडे पळतो. मुनीर थर द्यायचा, भिंग लावून बघायचा आणि स्पिरिटने सगळं पुसून टाकायचा. असं चार वर्षं चाललं. भाभी म्हणायच्या, "आम्ही जाऊन परत आलो, विमान अजून निघायचंय." मला तर त्यात काहीच खोट दिसायची नाही. तसं सांगितलं की मुनीर म्हणायचा, "सर, तुम्ही मोसंबीवाले. तुम्हाला चांगलंच दिसणार."

तो गेल्यावर काही दिवसांनी मी भेटायला गेलो. विमान त्याच्या टेबलावरच होतं. शेपटी झाकलेली, खिडक्यांवर चिकटपट्टी, फक्त पांढऱ्याचा शेवटचा थर राहिलेला. भाभी म्हणाल्या, "सर, चाळिसाव्या दिवशी सगळे येतील. त्याआधी हे पूर्ण होऊन कपाटात पाहिजे मला. तुम्ही करा." बिघडलं तर निस्तरायला मुनीर नव्हता, आणि त्याच्या हातचे खालचे थर पुसून टाकायची माझी हिंमत होणार नव्हती. मी म्हटलं, "भाभी, माझा हात कसा आहे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण दुसऱ्या कुणाचा माहीत नाही."

धायरीला माझ्या घरी आठवडाभर मी प्लॅस्टिकच्या चमच्यांवर सराव केला. बायको म्हणाली, जेवायला बोलावणार आहात का कुणाला? मग एका सकाळी मुनीरच्या टेबलाशी बसलो. थेंब थेंब पाणी घालत गेलो, आता भेसळ म्हणायची सोय उरली नव्हती. फवारा सुरू केला तो न थुंकता, न गुरगुरता, एकसारखा निघाला. विमानाच्या पाठीवरून पांढरा रंग असा बसला की मी भिंग लावून दोनदा बघितलं. ना साल, ना ओघळ. आयुष्यात माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं, आणि ज्याला दाखवायचं तो नेमका नव्हता. त्या क्षणी मला मुनीरचा भयंकर राग आला.

खिडक्यांवरची पट्टी मी चिमट्याने सोडवली. भाभी जवळ येऊन वाकल्या, चष्मा वर करून खिडक्या मोजू लागल्या. "पंखाच्या मागची तिसरी. खिडकी मी मागून घेतली होती. तिथे बसले हे. म्हणाले, ढग बघतो. आणि बसले तसे झोपले, ते थेट उतरेपर्यंत." असं म्हणत त्यांनी त्या खिडकीवर बोट टेकवलं. "भाभी, ओलं आहे," हे मी म्हणेपर्यंत उशीर झाला होता. त्यांनी बोट उचललं, तर खिडकीच्या बाजूला ठसा उमटला होता, सगळ्या रेघांसकट.

मी घाईने स्पिरिटचा बोळा उचलला. भाभींनी माझं मनगट धरलं. "राहू द्या, सर. मुश्किलीनं झोप लागलीय त्यांना."

मी बोळा खाली ठेवला. मला रडू आलं, म्हणून पेन धुवायचं निमित्त करून मोरीत गेलो आणि तिथे बराच वेळ नळ सोडून उभा राहिलो. विमान आता त्यांच्या काचेच्या कपाटात आहे. आल्यागेल्याला भाभी आधी ठसा दाखवतात, मग विमान.