जॅम सुटल्यावर

शारजात राहत होते तोवर माझं एकच रडगाणं होतं. वेळ मिळाला असता तर मी लिहिलं असतं. तो वेळ कोण खातंय ते रोज डोळ्यांसमोर दिसायचं. शारजाहून दुबईला निघालेली गाड्यांची रांग. सकाळी उजाडायच्या आत निघायचं आणि मुंगीच्या पावलांनी ऑफिस गाठायचं. माझी वसईची मैत्रीण माझ्या ऑफिसच्या पुढे एका हॉटेलात अकाउंट्स बघते, तिच्याच गाडीतून मी जायचे. गाडी ती चालवायची आणि तोंड मी.

मी तिला गोष्ट सांगायचे. डोक्यात शिजत असलेली, अर्धी कच्ची. ती मध्येच म्हणायची, "थांब गं. ती बाई असं बोलणारच नाही." मी हुज्जत घालायचे, फुगून खिडकीबाहेर बघायचे, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर लिहिताना गुपचूप तिचंच ऐकायचे. अशा काही कथा दिवाळी अंकांत छापूनही आल्या. नवऱ्याने अंकाचा फोटो रत्नागिरीपर्यंत सगळ्या नातेवाइकांना पाठवला. कथा मात्र वाचली कुणीच नाही. मुलीला तर मराठी वाचताच येत नाही.

मग नवऱ्याच्या कंपनीने दुबईतच, अल बर्शात फ्लॅट दिला. माझं ऑफिस तिथून मेट्रोने दोन स्टेशनं. मैत्रीण निरोप देताना रडली. मीही रडले, पण खरं सांगायचं तर मनातून उड्या मारत होते. नवऱ्याने खिडकीपाशी टेबल लावून दिलं, नवीन खुर्ची आणली आणि म्हणाला, "यल्ला, चल, आता एक्स्क्यूज खलास. लिही."

आणि मला लिहिताच येईना.

कथा अर्धी होऊन पडली होती. कोकणातली एक बाई, नवरा सारी उमर गल्फमध्ये. तो आता कायमचा घरी आलाय आणि तिला त्याची सवयच उरलेली नाही. तो तिच्या डब्यांच्या जागा बदलतो, दर तासाला चहा मागतो, तिच्या झोपाळ्यावर दिवसभर बसतो. एके दिवशी ती पिशवी उचलून एसटी स्टँडवर जाऊन बसते. तो शोधत येतो. इथवर मी जॅममध्ये सांगितलं होतं. आता सकाळचा सगळा वेळ माझा, चहा गरम, घर शांत, आणि ती बाई बाकड्यावरून हलायला तयार नाही. मुलगी स्कूल बसला निघताना डोकावली. "मम्मी, यू आर जस्ट सिटिंग."

मी सगळं करून बघितलं. फोनमध्ये रेकॉर्ड करून बघितलं, स्वतःचाच आवाज ऐकून लाज वाटली. एकदा खाली बेसमेंटमध्ये जाऊन आमच्या बंद गाडीत बसले. वॉचमनने काचेवर टकटक केलं. "मॅडम, सब ठीक?" काय सांगणार त्याला? मलाच कळत नव्हतं. मला लिहायची आवड होती की नुसती बडबडायची? शाळेपासून जिला मी माझं आयुष्य म्हणत आले, ती फक्त रस्ता कापायची युक्ती होती का? भीती वाटायची. लिहिणारी नसेन तर मग मी कोण, एका शिपिंग कंपनीतली डॉक्युमेंटेशनवाली? वाईट नाही, पण एवढंच?

एका सकाळी मैत्रिणीचा फोन आला. नेहमीप्रमाणे जॅममध्ये अडकली होती. म्हणाली, "अगं, ती तुझी एसटी स्टँडवाली बाई. मी संपवली तिची गोष्ट."

"म्हणजे?"

"तुझ्या जागेवर आता नागपूरची एक जण येते ना माझ्यासोबत. तिला सांगितली. नवरा माफी मागतो, ती त्याच्याबरोबर घरी जाते, दोघं झोपाळ्यावर चहा पितात. अगं, ऐकून रडली ती! फुल्ल रडली!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "कुणी सांगितलं तुला? ती घरी जाणार नाही! माफी? तो माणूस माफी मागेल? त्याला कळलं तरी आहे का काय झालंय ते?"

"बरं बाई. मग काय करते ती?"

"मला माहीत नाही."

"मग माझ्यावर कशाला ओरडतेस?"

खरंच, कशाला? तिच्याकडून हॉर्न ऐकू येत होते. मग ती नरम आवाजात म्हणाली, "समोर सगळे लाल दिवे आहेत. आम्ही कुठे जात नाही. सांग."

"ती त्याला पिशवी देते," मी म्हणाले. म्हणाले तेव्हा मलाच नवल वाटलं. "पिशवीत त्याचेच कपडे आहेत. ती त्याचं तिकीट काढायला आलीय, मुंबईचं, त्याच्या भावाकडे. स्वतः नाही जात कुठे. घर तिचं आहे."

पलीकडून एक अनोळखी, आदबशीर आवाज आला. फोन स्पीकरवर होता तर! "ताई, राग नका मानू हो. मला आधीचाच शेवट बरा वाटला."

इतक्या दिवसांनी सापडलेली गोष्ट, आणि पहिल्याच ऐकणारीला नको. मैत्रीणही काही बोलली नाही, म्हणजे तिलाही नकोच असणार. मी फोन ठेवला. आता सोडून द्यावं, असं मनात आलंही. पण ती बाई तिकिटाच्या खिडकीशी उभी राहिली होती आणि तिला सुट्टे पैसे कोण देणार, हे मला एकटीलाच ठाऊक होतं. मी खुर्ची पुढे ओढली.

घराजवळ राहायला आल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मी ऑफिसला उशिरा पोचले.