मागची सीट

माझं ओळखपत्र बाबांनी कपाटात बंद केलं तेव्हा त्यांना वाटलं, पोराचे पायच बांधले. कुवेतमध्ये त्या कार्डाला बताका म्हणतात, आणि बताका खिशात नसेल तर दाराबाहेर पडू नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आखाती युद्ध संपून तीन-चार वर्षं झाली होती, तरी जागोजागी पोलिसांचे नाके होते. बस थांबवून एकेकाचा बताका बघायचे.

भांडण शुवैख भागातल्या एका गॅरेजवरून होतं. तिथला म्हातारा मिस्त्री मला इंजिन उघडायला शिकवत होता आणि मला दुसरं काहीही शिकायचं नव्हतं. बाबा मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनिअर. नाशिकहून येऊन कमावलेलं नाव मी ग्रीसमध्ये बुडवणार, असं त्यांचं म्हणणं. "मुकाट्यानं पुण्याला जायचं आणि डिग्री घ्यायची." मी म्हणालो, जाणार नाही. मग ते कपाट.

अठरा वर्षांचा होतो आणि डोक्यात राख घालून घेण्यात घरात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. दुसऱ्याच दिवशी हमरस्त्यावर जाऊन उभा राहिलो आणि गाड्यांना हात केला.

थांबली ती एका वयस्कर कुवेती गृहस्थाची लांबलचक गाडी. वडीलधाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचं नाही, हे आमच्या घरचं वळण. मी अदबीनं मागचं दार उघडून बसलो. म्हातारा असा भडकला!

"मैं तुम्हारा ड्रायव्हर है?"

मला उतरवून शेजारी बसवलं, तेव्हाच गाडी हलली. इथे पुढे बसतो तो पाहुणा. मागे बसणारा समोरच्याला नोकर ठरवतो. नाक्यावर पोलिसानं म्हाताऱ्याचा पांढरा झगा पाहिला, सलाम केला आणि माझ्याकडे ढुंकूनही न पाहता आम्हाला सोडलं.

झालं! बाबांच्या कपाटाला मी भीक घालेनासा झालो. रोज हात करायचा, पुढे बसायचं, शुवैख गाठायचं. कुणी खजूर दिले, कुणी उपदेश. एकदा मागच्या सीटवर बकरी होती आणि ती वाटभर माझा कान चाटत होती. इतक्या आनंदात मी शाळेत कधीच नव्हतो.

दोन महिन्यांनी एका दुपारी हात केला आणि बाबांचीच गाडी थांबली.

त्यांनी पुढचं दार आतून उघडलं. मी ते लावून टाकलं आणि मागे जाऊन बसलो. वीस वर्षं इथे काढलेल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. आरशात त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. मला वाईट वाटलं, पण हललो नाही.

"मी तुझा ड्रायव्हर आहे का रे?"

"शुवैखला जायचंय," मी म्हणालो.

"तुझंच तिकीट काढायला निघालो होतो."

"काढा. मी विमानात बसणार नाही."

गाडी निघाली. नाक्यावर पोलिसानं आमचे चेहरे पाहिले आणि हात पुढे केला. बाबा एवढंच म्हणाले असते की याच्याकडे बताका नाही, तर माझं भांडण तिथंच संपलं असतं. बाबांनी शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं. त्यात माझा पासपोर्ट होता, बताकाही होता. दोघांचे बताके त्यांनी पोलिसाला दाखवले.

नाका मागे पडल्यावर त्यांनी मागे न बघता खांद्यावरून माझा बताका पुढे केला. पासपोर्ट खिशातच ठेवला. मी बताका घेतला. पुढे मात्र गेलो नाही. शहराकडचं वळण आलं, तिकिटांचं ऑफिस तिकडे होतं. बाबांनी गाडी शुवैखकडे घेतली.

गॅरेजपाशी उतरलो तेव्हा त्यांनी काच खाली केली.

"न्यायला किती वाजता येऊ?"

"नको," मी म्हणालो. "माझा मी येईन."