धक्क्यावरची हिरवी पाटी

मालवणच्या आमच्या छोट्या ऑफिसातल्या ताईंनी मला पाठीशी घातलं नसतं, तर मी केव्हाच मराठवाड्यात, गावी परत गेले असते. हे आधी लिहून टाकते.

नववीत शाळा सुटली. वेबसाइटचं काम मी मोबाइलवर बघून बघून शिकले. पर्यटकांच्या होड्यांचं बुकिंग होतं त्या साइटवर समुद्राचा इशारा दाखवणारी पाटी करायला ताईंनी मला दिली. हिरवी म्हणजे होडी सोडा, लाल म्हणजे थांबा. इशारा बाहेरच्या एका स्क्रिप्ट फाइलमधून यायचा. ती मी माझ्या कंपोनेंटमध्ये, म्हणजे पाटी दाखवणाऱ्या कोडच्या तुकड्यात जोडली, आणि वर एक ओळ लिहिली: फाइल आधीच आलेली असेल तर पुन्हा काही करू नको. तपासताना मी दर वेळी पान नव्यानं उघडायचे. दर वेळी बरोबर.

धक्क्यावरच्या बुकिंगच्या खिडकीत मात्र पान सकाळी एकदा उघडतात, ते संध्याकाळपर्यंत बंद करत नाहीत. रेंजच तशी, बंद केलं तर पुन्हा उघडेल याचा नेम नाही. दिवसभर बुकिंगवरून पाटीवर, पाटीवरून बुकिंगवर. त्या दुपारी इशारा लाल झाला. तिथे सकाळचं हिरवंच; फाइल सकाळीच आलेली, म्हणून माझ्या ओळीनं पुन्हा विचारलंच नाही.

होडी चालवणारा तांडेल आभाळ बघून कचरत होता म्हणे. खिडकीतला म्हणाला, "पाटी हिरवी आसा मां! मगे भियतस कित्याक?" होडी गेली. वारा उठला. माणसं परत आली, पण धक्क्याला लागताना तांडेलाचा हात होडी आणि दगडात सापडला. दोन बोटं गेली.

आमच्या ऑफिसचे मालक येऊन ताईंवर ओरडले, "शाळा सुटलेल्या चेडवाक ह्या काम दिलंस कित्याक? आजच्या आज घालव तिका!"

ताई उभ्या राहिल्या. "ती ओळ माझी आसा. तिका बोला नको."

ओळ माझी होती, तरी मी ताईंना दोष घेऊ दिला.

मालक गेल्यावर ताईंनी मला शेजारी बसवलं. "रडा नको गो. पाटी परत समोर इली काय इशारो परत विचारूक होयो. आणि फाइल इलीच नाय, तर पाटी लाल."

माझी नोकरी राहिली. ताईंकडून मोठी कामं गेली. त्या आता लॉजच्या खोल्यांचे फोटो चढवत बसतात. घरी माझ्या पगारावर दोन भावंडं शिकतात, म्हणून आज माझं तोंड उघडत नाही. पण ताई, एक दिवस मालकांसमोर उभी राहून मी सांगणार, ती ओळ माझी होती. तुमची कामं तुम्हाला परत मिळवून देणार.