दुसऱ्या गटातली मालुबाई

जांबोटीची मालुबाई सत्तरीला टेकली तरी भाताच्या चिखलात सुनेच्या बरोबरीनं उभी राहायची. एका पावसाळ्यात तापानं तिला अंथरुणाला खिळवलं. ताप उतरला, पण बरेच दिवस पडून राहिल्यानं मांड्यांचं मांस झडलं. चुलीपुढून उठताना भिंत धरावी लागायला लागली.

त्याच सुमारास बेळगावच्या एका कॉलेजातून चिन्मयी गावात आली. वयानं आणि बसून राहण्यानं म्हाताऱ्यांचे स्नायू झिजतात, ते थोपवता येतं का, यावर तिचं संशोधन चाललं होतं. चिठ्ठ्या टाकून तिनं गावातल्या म्हाताऱ्यांचे दोन गट पाडले. एकाला व्यायाम, दुसऱ्याला आरोग्याची माहिती, एवढंच तिनं सांगितलं. शेजारची नागुबाई व्यायामाच्या गटात गेली, मालुबाई माहितीच्या.

जांबोटीला बस कधीमधीच, म्हणून चिन्मयी मुक्कामाला मालुबाईकडंच असायची. मालुबाई तिला गरम भाकरी वाढायची, डोकं दुखलं तर तेल चोळायची. इकडं नागुबाई खुर्चीवरून हात न टेकता उठबस करायची, वाळूची पिशवी उचलायची. दिवाळी सरता सरता ती भरली कळशी कमरेवर घेऊन चढ चढायला लागली.

"मला बी शिकव की गं," मालुबाई म्हणाली.

भाकरी मोडता मोडता चिन्मयीचा हात थांबला. "आज्जी, तुमच्या गुडघ्यांना ते सोसायचं नाही."

मालुबाईनं नागुबाईला विचारून बघितलं. "नुसतं हातपाय हलवायचं, त्यात काय हाय," असं म्हणून नागुबाईनं म्हशीचा विषय काढला.

शिमग्याच्या तोंडावर देवळात शेवटची बैठक झाली. चिन्मयीचे सर आले होते. मोकळेपणानं म्हणाले, "दुसऱ्या गटाला आम्ही मुद्दाम व्यायाम दिला नाही. तुलनेला कुणीतरी लागतं ना. फरक छान दिसला."

मालुबाईनं विचारलं, "माझ्या गुडघ्यांस्नी सोसलं असतं का, सायेब?"

"सोसलं असतं की. उलट आराम पडला असता."

मालुबाईनं चिन्मयीकडं बघितलं. "तुला ठावं व्हतं?"

"हो आज्जी. तुम्हाला शिकवलं असतं तर सगळा अभ्यास बिघडला असता."

"मग तसं सांगायचंस. न्हायतर गप बसायचंस. माझ्या चुलीपुढं जेवून खोटं कशाला बोललीस?"

नागुबाई पुटपुटली, "तुला दावू नको म्हणालती गं ही मला बी." तिनं उठवायला हात पुढं केला. मालुबाईनं तो धरला नाही. खांबाला धरून, दोनदा परत बसत, ती एकटीच उठली.

पुढच्या आठवड्यापासून दुसऱ्या गटालाही व्यायाम सुरू झाला. मालुबाई गेली, कारण पाय तिचे होते. चिन्मयी सांगेल तेवढं करायची, तोंडाकडं मात्र बघायची नाही. मुक्कामाची पिशवी घेऊन पोरगी दारात आली, तेव्हा मालुबाईनं आतूनच सांगितलं, "शाळेच्या मास्तरांच्या घरी सोय बघ जा."

पावसाळ्यापर्यंत पायांत थोडी ताकद आली. चिखलात उभं राहण्याइतकी नाही, पण भिंत सुटली. पाण्याला जाताना नागुबाई अजूनही हाक मारायची. "हो तू म्होरं," मालुबाई म्हणायची, आणि ती वळणाआड गेली की आपली कळशी उचलायची.