शेळी आधी हलवली होती

रूथताई गेल्याचं मला किसननं फोनवर सांगितलं. किसन आमच्या पाडसांच्या आवारातला जुना मजूर. "सायेब, ताई गेल्या. तिसगावात दुपारी माती हाय. येताय न्हवं?" मी हो म्हणालो आणि गेलो नाही. चपला घालून दारातच बसून राहिलो... तिथे कोणीतरी दोन शब्द बोलायला सांगितलं असतं, आणि जे बोलायला हवं होतं ते मला जमलं नसतं. ते इथे लिहितो आहे. ज्यांना ऐकवायचं होतं त्या आता नाहीत.

ताई नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. मी पशुवैद्य. खर्ड्याकडच्या माळावर अनाथ काळविटांची पाडसं सांभाळायला एक कुंपण होतं, ते माझ्या ताब्यात. कुत्र्यांनी आई मारलेली, विहिरीत पडलेली अशी पाडसं यायची, आणि दूध तुटायच्या दिवसांत हमखास दगावायची. ते का, हा ताईंचा प्रश्न होता. "डॉक्टर, पाडसाला गवत पचत नसतं," त्या म्हणायच्या. "पोटातले जंतू ते पचवतात. आणि ते जंतू पाडसाला आईच्या तोंडातून, तिच्या लेंड्यांतून, मातीतून उचलावे लागतात." दूध तुटलं की भेदरलेल्या पाडसाच्या अंगात ताणाचं संप्रेरक चढतं, ते लेंडीतही उतरतं, आणि त्या दिवसांत पोटातली ही नवी वस्ती सहज मोडते, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून त्यांनी तिसगावच्या बाजारातून एक दुभती शेळी आणून पाडसांत सोडली. पाडसं तिला लुचायची, ती रवंथ करत बसली की तिचं तोंड चाटायची, तिच्या लेंड्या हुंगायची, चघळायची. किसननं तिचं नाव ठेवलं मास्तरीण. "एक मास्तरीण कालेजात, एक हितं," तो म्हणायचा, आणि ताई पदर तोंडाला लावून हसायच्या. पाडसांच्या लेंड्या त्या तपासणीसाठी डब्यात भरून घरच्या फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात ठेवत. "पाहुण्यांना आधीच सांगते, ती चटणी नाही."

मला ते सगळं घाण वाटायचं. जनावर ठेवायचं तर जमीन धुतलेली हवी, फिनेलचा वास यायला हवा, हे माझ्या हाडात मुरलेलं. त्यात वनखात्याचे एक मोठे साहेब पाहणीला येणार होते. आधीच्या पाहुण्यानं विचारलं होतं, "हा हरणांचा दवाखाना आहे की शेळ्यांचा गोठा?" ते मला लागलं होतं. ताई पेपर तपासायला पुण्याला गेल्या होत्या. मी शेळी हलवली, वरची माती खरवडून काढली, फरशी फिनेलनं धुऊन घेतली. किसन म्हणाला, "सायेब, शेळी ऱ्हाऊ द्या की. पाडसं लई वरडत्याल."

"ओरडू दे. दूध कधीतरी सोडायचंच आहे ना?"

साहेब आले, छान आहे म्हणाले, गेले. पाडसं शेळी गेली त्या फाटकाशी उभी राहिली. चाऱ्याला तोंड लावेनात. मग जुलाब सुरू झाले आणि एकामागून एक ती आडवी झाली...

ताई परत आल्या तेव्हा दोनच पाडसं पायांवर उभी होती. मी त्यांना सांगितलं, पाडसांना जुलाब लागले म्हणून शेळी हलवली आणि मग सगळं धुऊन काढलं. क्रम तेवढा उलटा केला. "बाजारातली शेळी, ताई. बाहेरून काहीतरी आलं असणार. तुमचाही हात सारखा लागत होता." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. वाद घातला नाही. हेच मी कचेरीतही सांगितलं. आवारात काम करायची त्यांची परवानगी गेली. डब्यातले नमुने तपासायला प्रयोगशाळेला आमचं पत्र हवं होतं, ते मी दिलं नाही.

किसननं एकदाच विचारलं, "ताईस्नी सांगितलं का?" मी म्हणालो, बघू. त्याची रोजंदारी माझ्या हातात होती, तो पुन्हा बोलला नाही. ताईंनी नंतर कुठल्या जनावराला हात लावला नाही. भाचीला, मार्थाला, मूल झालं तेव्हा त्या हात पाठीमागे बांधून दाराशीच उभ्या राहिल्या म्हणे. माणसं दबक्या आवाजात म्हणत, हीच ती हरणं मारणारी बाई. मी ते ऐकलं आहे. ऐकून चहा प्यालो आहे.

नाताळच्या फराळाला मी दरवर्षी जायचो. यंदाचा शेवटचा. करंजी त्यांनी चमच्यानं उचलून बशीत ठेवली. "डॉक्टर, पाडसांना ते माझ्याच हातानं गेलं असेल का हो?"

"जाऊ द्या ताई. किती वर्षं झाली त्याला."

"तुमची झाली असतील," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी एक करंजी वाढली.

परवा तिसगावला गेलो. मार्था घर आवरत होती. फ्रीज उघडा होता, वीज गेलेली. "काका, ह्यो डबा आत्या कुणाला हात लावू देत न्हवती. टाकू का?"

तिसगावात वीज रोज जाते. तो डबा इतक्या वर्षांत किती वेळा वितळला आणि पुन्हा गोठला असेल. त्यात तपासण्यासारखं काही उरलेलं नाही, हे ताईंना कोणी सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी फ्रीज चालू ठेवला. आपण पाडसांना काय दिलं हे त्यांना जाणून घ्यायचं होतं... आणि ज्याला ते माहीत होतं तो समोर बसून करंज्या खात होता.

मी मार्थाला तिथेच, उभ्याउभ्या सगळं सांगितलं. शेळी आधी हलवली होती. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून ऐकत राहिली. मग म्हणाली, "नाताळला सांगायचं हुतं की, काका. एवढं समोर बसला हुता."

वीज आली. फ्रीज थरथरला आणि घुमायला लागला. मार्थानं डबा पुसला, बर्फाच्या कप्प्यात परत ठेवला आणि दार लावून घेतलं.