फळ्यावरची रिकामी ओळ

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला, सकाळी सव्वासात वाजता गणपतराव शिंपी गेले. वय सदुसष्ट. त्या वेळी खोलीत तिघं होतो: त्यांच्या पत्नी पार्वताबाई, लाखनीहून आलेले डॉक्टर आणि मी. दुपारी घाटावर गेलो ते मोजून एकोणीस जण. आमचं गाव हमरस्त्यावरचं, वस्ती तीन हजारांच्या आतबाहेर. त्यातल्या निम्म्या पुरुषांच्या अंगावर कधी ना कधी गणपतरावांनी शिवलेलं कापड चढलं असेल. तरी एकोणीस. असं का झालं, ते सांगायचं तर मला माझ्याबद्दलही थोडं सांगावं लागेल, आणि ते सांगायला मी चार वर्षं उशीर केला आहे.

मी गावात आलो त्र्याहत्तर साली. काम तलावाच्या पाण्याची पातळी रोज संध्याकाळी मोजून वरच्या कचेरीला कळवण्याचं. गाव मला पाणीबाबू म्हणायचं. दुसऱ्याच दिवशी गणपतरावांनी दुकानातून हाक मारली, “ओ पाणीबाबू, आज किती हाय जी तलाव? फळ्यावर लिहाचं हाय मले.” दुकानाच्या बाहेर चार फूट बाय तीन फुटांचा एक काळा फळा टांगलेला होता. त्याची कथा अशी, की एकाहत्तरच्या लढाईत लोक रेडिओ ऐकायला दुकानात दाटी करायचे आणि मशीनची खडखड बंद ठेवा म्हणायचे. लग्नसराईची शिवण पडून राहिली तेव्हा गणपतरावांनी तोडगा काढला. बातमी ते ऐकणार, फळ्यावर लिहिणार, लोकांनी बाहेर वाचायची आणि आपापल्या कामाला जायचं. लढाई संपली, फळा राहिला. वरच्या भागात देशाच्या आणि जगाच्या बातम्या, खाली डावीकडे ‘गावात’, खाली उजवीकडे माझा तलाव, फूट आणि इंचांत.

त्यांचा एक नियम होता. दोन कान लागल्याशिवाय बातमी लिहायची नाही. नागपूरच्या बातम्यांत ऐकलं आणि दिल्लीच्याही ऐकलं, तरच खडू उचलायचा. गावातली बातमी असेल तर दोन माणसांनी पाहिलेली हवी. कोणी चेष्टेनं म्हणालं, “गणपतभाऊ, तुमच्याच घरी पोरगं झालं तं?” तर म्हणायचे, “तरी सुईणीले इचारीन. कापड एकदा कापलं का कापलं, बाबू.” आणि दर वर्षी एकतीस डिसेंबरला सगळा फळा पुसून ते त्या वर्षाची यादी लिहायचे. वर्षभरात जगात काय झालं, कोण गेलं, आणि शेवटी गावात कोण गेलं. मोठा पुढारी आणि आमच्याकडचा कोणी म्हातारा कोतवाल एकाच खडूनं, एकाच मापाच्या अक्षरात. ती यादी वाचायला आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं सायकलीनं येत.

चौऱ्याऐंशी साल त्यांचा फळा पुरणार नाही असं साल होतं. एप्रिलमध्ये आपला माणूस अवकाशात गेला. मेमध्ये आपल्याकडची एक बाई एव्हरेस्टवर चढली. जूनमध्ये अमृतसरला मंदिरात फौज शिरली. ऑगस्टमध्ये ऑलिंपिकला आपल्या एका मुलीचं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. या शंभराव्या भागावर आम्ही दोघं तासभर बोलत बसलो होतो. “टाक्याच्या जाडीएवढाही नाही ना जी तो,” गणपतराव म्हणाले होते...

एकतीस ऑक्टोबरच्या सकाळी प्रीतमसिंग मिस्त्री दुकानात पेढ्यांचा पुडा घेऊन आले. हमरस्त्याला लागून त्यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं, पंधरा वर्षांपासून. माणूस दणकट, दाढी पांढरी होत आलेली, हसला की सगळं गॅरेज हसायचं. “गणपतभाई, पोता हुआ है! लिख दो फट्टे पर, बड़े अक्षर में।” मलाही एक पेढा मिळाला. गणपतरावांनी ‘गावात’ खाली दोन ओळी लिहिल्या. पहिली : प्रीतम मिस्त्री यांना नातू झाला. दुसरी : सरदारजींकडून पेढे वाटले.

संध्याकाळी पंतप्रधान गेल्याची बातमी दोन्हीकडून पक्की झाली. मी सहाच्या सुमारास आकडा द्यायला गेलो तर गणपतराव फळ्यासमोर उभे होते आणि रडत होते. डाव्या हातानं, सदऱ्याच्या बाहीनं, त्यांनी फळ्याचा वरचा भाग पुसला होता आणि लिहिलं होतं : दोघा शीख अंगरक्षकांनी गोळ्या झाडल्या. पुसताना बाही खालपर्यंत गेली होती. ‘गावात’ची पहिली ओळ तिच्यासोबत गेली. दुसरी राहिली. मला ती दिसली. अगदी स्पष्ट दिसली... गोळ्या झाडल्या, आणि त्याच्या खाली, सरदारजींकडून पेढे वाटले. मनात आलं की सांगावं. पण रडणाऱ्या माणसाला काय चूक दाखवायची, असं वाटलं. मी म्हणालो, “अकरा फूट चार इंच.” त्यांनी न बघता लिहिलं, दुकान बंद केलं, घरी गेले.

दुसऱ्या दिवशी, एक नोव्हेंबरला, सगळी दुकानं बंद होती. साडेअकराच्या सुमारास मी चौकात होतो. फळ्यापुढं पंचवीस-तीस जण जमले होते. काही अडकलेल्या ट्रकवरचे, काही आजूबाजूचे, बरेचसे आमचे. बोलणं मी ऐकलं, ते असं.

“वाच बे, काय लिवलं हाय.”

“पेढे वाटले म्हनते सरदारानं.”

“कवा?”

“कालच. काल का दिवारी होती काय त्याची?”

“गणपतभाऊ खोटं लिहित नाही बे. दोन कान लागते त्याले.”

हे शेवटचं वाक्य मला आजही ऐकू येतं. तेरा वर्षं त्या माणसानं कमावलेला विश्वास तिथं ट्रकची चाकं खोलायच्या लोखंडी टामीसारखा हातात घेतला गेला. ज्यांनी पेढे खाल्ले होते असे त्या गर्दीत निदान पाच जण होते. मी सहावा. कोणी बोललं नाही. चौघांनी तोंडाला दुपट्टे बांधले आणि ते पुढं झाले, बाकीचे मागून गेले. मीही मागून गेलो.

मिस्त्री एका ट्रकखाली पडून काम करत होते. फळ्यावर काय उरलं आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पायांना धरून त्यांना बाहेर ओढलं, तेव्हा ते हसतच बाहेर आले, कोणी ओळखीचा गंमत करतो आहे असं वाटून. पहिला फटका तोंडावर बसला. पगडी सोडली आणि तीच गळ्याला बांधून त्यांना गॅरेजच्या आवारात फरपटत फिरवलं. केस मोकळे, तोंडात माती, आणि ते ओरडत होते, “पोता हुआ है भाई, पोता...” एकानं डिझेलचा डबा लाथेनं सांडला, दुसऱ्यानं टायर पेटवला. मग दोघांनी त्यांचा उजवा हात ऐरणीवर दाबून धरला आणि तिसऱ्यानं टामी उचलली. तीन वेळा. हाडाचा आवाज ओल्या फांदीसारखा येतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी पानठेल्यामागं उभा होतो, चाळीस पावलांवर. नंतर एकदा जाऊन मी ती पावलं मोजली.

तेवढ्यात गणपतराव आले. धावत, अनवाणी, डोक्यावर फळा धरून. चौकात येताच त्यांना चूक दिसली होती आणि निघण्याआधी त्यांनी पुसली गेलेली ओळ परत लिहिली होती, अक्षरं वाकडीतिकडी. “वाचा! वाचा रे! नातू झाला त्याले! माही चूक हाय, माही!” कोणी वाचलं नाही. त्यांच्या हातातला फळा हिसकून तोच त्यांच्या डोक्यावर हाणला. कपाळ फुटलं, फळा उभा तडकला. रक्त डोळ्यांत उतरत असतानाही ते मिस्त्रींच्या अंगावर आडवे पडले आणि पुढचे पाच-सात फटके त्यांनीच घेतले. मागच्या दारानं पार्वताबाईंनी मिस्त्रींची सून आणि तीन दिवसांचं बाळ आपल्या घरी नेलं, हे मागाहून कळलं. गॅरेज दुपारभर जळत होतं. मिस्त्री वाचले, उजव्या हाताची तीन बोटं गेली. पंधरा दिवसांनी कुटुंब रायपूरकडं निघून गेलं.

चौकशीला पोलीस साहेब आले तेव्हा गणपतरावांनी चार नावं दिली. साहेब म्हणाले, “चेहरे बांधलेले होते ना? मग ओळखलं कसं?” गणपतराव म्हणाले, “चेहरे बांधले होते जी, पँटी नव्हत्या बांधल्या. चारी पँटी दिवारीले शिवलेल्या, माह्याच हातच्या. एकाची कंबर तीस, लांबी एकोणचाळीस, डावा पाय अर्धा इंच आखूड. सांगू का चौघांचं?” साहेब हसले, लिहून घेतलं. मग मला विचारलं. मी म्हणालो, “मी धूर पाहिला.” एवढंच. डावा पाय अर्धा इंच आखूड असलेला, टामी उचललेला तो मुलगा माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचा. माझ्याकडंच राहून शिकलेला. गणपतरावांना हे ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. साक्षीदार एकच, आणि तोही कपड्यांवरून ओळखणारा. प्रकरण पुराव्याअभावी मिटलं.

त्यानंतर गावानं कापड लाखनीला शिवायला न्यायला सुरुवात केली. गणपतरावांना वाटेत टोमणे पडत, “काय टेलर, माप घेता का? का पोलिसाले देता?” ते ऐकून पुढं चालत राहायचे. एक सवय मात्र बदलली. नवी ओळ लिहायची असली तरी ते आधी अख्खा फळा ओल्या फडक्यानं धुवायचे, वाळेपर्यंत समोर उभे राहायचे आणि मग सगळं पुन्हा लिहायचे, माझा तलावसुद्धा. एका बातमीसाठी अर्धा तास.

त्या वर्षी एकतीस डिसेंबरला त्यांनी तडकलेल्या फळ्यावर यादी लिहिली. अवकाश, एव्हरेस्ट, अमृतसर, पंतप्रधान, दिल्लीतली कत्तल, भोपाळचा वायू. खाली ‘गावात’ लिहिलं, नैसर्गिकरीत्या गेलेल्यांची सात नावं लिहिली, आणि आठव्या ओळीला ‘१ नोव्हेंबर :’ एवढं लिहून पुढं जागा मोकळी सोडली. मी आकडा घेऊन उभा होतो. ते हळूच म्हणाले, “एकच कान हाय बाबू. दुसरा भेटला तं लिहीन.” मी म्हणालो, “सात फूट नऊ.” पुढच्या तिन्ही वर्षांअखेर त्या त्या वर्षाच्या यादीखाली त्यांनी ती एक ओळ पुन्हा लिहिली, पुन्हा रिकामी सोडली, आणि त्यानंतर मला कधी काही म्हटलं नाही. रोज संध्याकाळी आकडा घेत राहिले, चहा पाजत राहिले. एखादा माणूस रागावला तर बरं असतं... ते रागावले नाहीत.

तेरवीला जेवायला मोजकीच माणसं होती. दुपारी एक ट्रक थांबला आणि प्रीतमसिंग मिस्त्री उतरले. दाढी पूर्ण पांढरी. पार्वताबाईंना त्यांनी नमस्कार केला तेव्हा एका तळव्याला दोनच बोटं होती. नातू चार वर्षांचा झाला, म्हणाले. मग बाहेर जाऊन कितीतरी वेळ फळ्यासमोर उभे राहिले. पार्वताबाईंनी नवऱ्याच्या हातचं शेवटचं लिहिलेलं कोणाला पुसू दिलं नव्हतं. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. ते मला म्हणाले, “हर दिवाली को चिट्ठी आती थी भाईसाहब की। आख़िर में एक ही बात लिखते थे, अभी एक ही गवाह है। मैंने लिखा, छोड़ो अब, कौन मिलेगा? जवाब आया, मिलेगा। पास ही का आदमी है, रोज़ आता है।”

मी पार्वताबाईंकडं गेलो आणि फडकं मागितलं. त्यांनी ते हातात दिलं. मग म्हणाल्या, “पूर्ण धुवा जी. अर्धं नोका पुसू.” आणि बादली स्वतः भरून आणून दिली. मी फळा धुतला, वाळेपर्यंत उभा राहिलो. मग लिहिलं : १ नोव्हेंबर १९८४, दुपारी बारा. नातू झाला म्हणून पेढे वाटणाऱ्या प्रीतमसिंग मिस्त्री यांना गावातल्या चौघांनी मारलं, हात ठेचला, गॅरेज जाळलं. खाली चार नावं लिहिली. माझ्या पुतण्याचं नाव पहिलं लिहिलं, आडनावासकट. ती नावं मी इथं छापायला दिलेली नाहीत. ज्याला वाचायची त्यानं गावात येऊन वाचावीत. सर्वात शेवटी लिहिलं, पाहणारे : दोन. मिस्त्रींनी एकेक अक्षर वाचलं. ट्रकमध्ये चढताना खाली वाकून त्यांनी माझा हात धरला, त्या दोन बोटांनी. पकड अजून घट्ट आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर शेण फासलेलं होतं. मी धुतला, वाळवला, पुन्हा लिहिलं. भाऊ माझ्याशी बोलत नाही, आणि चावडीवर मी आलो की दोघं-तिघं उठून जातात. आज हा लेख पाठवण्यापूर्वी फळा पुन्हा धुवावा लागला. आतापर्यंत पाच वेळा लिहून झालं. खडूचा डबा पार्वताबाईंनी मलाच देऊन टाकला आहे, त्यात अजून एकतीस खडू आहेत.