सुमीच्या गाडीमागं, तोंड दाबून

पल्लवे, इकडं सरक जरा. नाशिकच्या हॉस्टेलातून काय सरकणार म्हणा, पण हे वाचताना तरी नीट मांडी घालून बस. काल फोनवर नुसतं ‘मिस यू आजी’ लिहिलंस आणि खाली एक रडकं तोंड चिकटवलंस. एवढ्यात भागलं होय गं तुझं? तो शब्द एका माणसाला सांगायला गेले आणि मी बाभळीत अडकले होते, हे कशी विसरलीस?

बाकीच्यांना मुळातून सांगते. मी शाळेत गेले नाही. अक्षरं जमवली ती एसटीच्या पाट्यांवरून आणि बियाण्याच्या पिशव्यांवरून. पण दिवाळीच्या सुट्टीत माझी ही नात आम्हा दोघी जावांना इंग्रजी शिकवायची. मी थोरली, सुमन धाकटी. हातात भुईमुगाच्या शेंगा, तोंडात इंग्रजी. त्या दिवशीचा शब्द होता ‘मिस’.

“आजी, ह्याचे दोन अर्थ. गाडी मिस झाली म्हणजे चुकली, हुकली, हातची निसटली. माणसाला मिस करणं म्हणजे आठवण येणं, करमेनासं होणं.”

“एका शब्दाचे दोन संसार?” सुमी म्हणाली. “मग आज कोनत्या घरी हाय ते वळखायचं कसं?”

“वाक्यात उपयोग करून.”

“गाडी हुकली तर दुसरी येती,” मी म्हणाले. “मानसाचं काय?”

“बाई, तुमी शेंगा फोडा,” सुमी म्हणाली. “शेंगा कमी आन् शंका लई तुमच्या.”

पुढच्याच आठवड्यात तिचा लेक रमेश तिला न्यायला आला. गुडघे कामातून गेले होते तिचे, म्हणून कायमची पुण्याला. एका चुलीवर उभा जन्म भांडलो आम्ही. आता भांडायला कोण? मी ठरवलं, निघताना तिला तो शब्द सांगायचा. इंग्रजीतच, कारण मराठीत बोलले असते तर रडू फुटलं असतं. वाक्य पाठ होतं. पण ती पाया पडायला वाकली आणि मी काय म्हणाले? “धपाटे गरम हायेत, झाकण ढिलं ठेव.”

ती गाडीत बसली, गाडी हलली. आणि धपाट्यांचा डबा राहिला चुलीपाशीच!

डबा उचलला आणि धावले. एक हाक मारली असती तर गाडी थांबली असती. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हे आमच्या सासूबाईंनी दोघींच्या हाडात भरलेलं. म्हणून मी तोंड दाबून धावत होते. (माझं वजन आणि माझं धावणं तुम्ही पाहिलेलं नाही, ते एक बरं आहे.)

किराणा दुकानापुढं हरिबा बसला होता. “काकू, कावून पळायलाव?”

“रमेशची गाडी थांबवायची हाय.”

“मारा की हाक.”

“निघालीय ती. मागून कशी मारू?”

“मी मारतो. ए रमे...”

मी डबा त्याच्या तोंडापुढं धरला.

“मग फोन लावा.”

“फोन म्हंजे लांबची हाकच की रे.”

हरिबानं डोकं खाजवलं. “मग पुढून मारा.”

हे मला पटलं. रस्ता ओढ्याला वळसा घालून जातो. कापसातून आडवं गेलं की गाडीच्या पुढं निघता येतं. गेले. शेवटच्या बांधाला बाभळीचं कुंपण होतं. पदर एका काट्यात, अंबाडा दुसऱ्यात, एक चप्पल कापसात. समोरून गाडी आली. हाक मारायला तोंड उघडलं तर दम लागून आवाजच फुटेना. नुसता डबा हलवला. गाडी निघून गेली, आणि गाडी पुढं गेली म्हणजे मी पुन्हा मागंच की.

दुपारी नगरहून सुमीचा फोन आला. “बाई, बाभळीत काय करायलता तुमी?”

“बघितलंस तू?”

“बघितलं की. डबा पन दिसला.”

“मग गाडी कावून न्हाई थांबवली?”

“निघाल्यावर मागं फिरू नये म्हनून.”

दोघी खूप हसलो. तेव्हा तरी तो शब्द बोलायचा. मी म्हणाले, “गुढीपाडव्याला ये.”

“येते की,” ती म्हणाली.

पाडव्याआधीच छातीत कळ आली आणि सुमी गेली. मी पुण्याला पोचले तेव्हा तिला उचलतच होते. बायांनी दारात थांबायचं असतं, मी थांबले. आणि ती जिन्याच्या वळणावर गेली तेव्हा मागून हाक मारली, “सुमे!” सगळी इमारत गॅलरीत आली. थांबलं कुणी नाही.

तेव्हापासून मी शब्द लावून बघते. आठवण येते म्हणावं तर हलकं पडतं. करमत नाही म्हणावं तर दोन वेळा जेवते की. चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं, हे त्यातल्या त्यात बसतं.

म्हणून म्हणते पल्लवे, ती रडकी तोंडं पुरे झाली, तू लौकर ये. आणि आधीच सांगून ठेवते, तू परत निघालीस की मी मागून हाक मारणार आहे, सासूबाई वरून काय म्हणायचं ते म्हणोत. तू आपली थांब बाई, ह्या गुडघ्यांनी तुला पुढून गाठणं आता माझ्यानं व्हायचं नाही.